गेलेल्यांच्या जागी

"शेटे, मान हलवू नका," अण्णा म्हणाले.

"मान कुठं हलतीय? माशी बसलीय नाकावर."

"बसू द्या. तिला नाही काढत मी."

काशिलिंग शेटे म्हणजे आमच्या करमाळ्यातले मोठे अडत व्यापारी. फेटा बांधून, कोट चढवून ते खुर्चीत ताठ बसले होते. मनगटावरचं सोन्याचं घड्याळ चित्रात यावं म्हणून डावा हात त्यांनी गुडघ्यावर असा ठेवला होता, की जणू कुणाला तरी वेळ दाखवताहेत. त्यांच्यामागे भिंतीवर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, रंगवलेला पडदा होता. निळं तळं, दोन हंस आणि पाण्यात उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्या. आमच्या तालुक्यात असं तळं कुणी पाहिलेलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या, अण्णांच्या तळ्याचं पाणी काही हललं नाही. गावातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी त्या तळ्याकाठी बसून भिंतीवर टांगलेलं होतं.

"पेंटर, घड्याळात किती वाजवणार?" शेट्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेवढे."

"दहा वाजवा. दुकान उघडायची वेळ."

मी दिवाळीच्या सुट्टीला घरी आले होते. तेव्हा मी सोलापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. खिडकीत बसून सहामाहीचे पेपर तपासत होते आणि अधूनमधून हसत होते. आई चहा घेऊन आली.

"वहिनी," शेटे म्हणाले, "गावाची सगळी तोंडं काढली पेंटरनं. तुमचं कुठं लावलंय?"

"मी बसले तर तुम्हाला चहा कोण देणार?" आई म्हणाली.

"बसवा हो पेंटर एकदा वहिनींना."

"ती बसतीय कुठं!" अण्णा कॅनव्हासकडेच बघत म्हणाले. "दोन मिनिटं टेकली की हिला चुलीवरचं आठवतं."

"चुलीवरचं तुम्हीच खाता," आई म्हणाली आणि कपबशी शेट्यांच्या हातात देऊन आत गेली.

दुपारी आम्ही दोघींनी बाजरी निवडली. पुढच्या वेळी येताना सोलापूरची एक चादर आण, म्हणाली, फिक्या निळ्या रंगाची, गडद नको, गडद धुतली की उतरते. माझी कोपरं खरखरीत झालीत म्हणून तिनं तेल लावलं. अण्णा संध्याकाळपर्यंत शेट्यांच्या कोटाची बटणं काढत बसले होते. रात्री तिघं जेवलो. एवढंच. मी त्या दिवसात पुष्कळदा जाऊन आले आहे आणि याहून जास्त मला तिथं काही सापडत नाही.

दुसऱ्या सकाळी आई परसातल्या हौदाकडे पाणी आणायला गेली आणि परत आली नाही. मी बघायला गेले तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती. बादली शेजारी भरलेली होती. पहिल्यांदा मला वाटलं, दमली असेल, टेकली असेल.

*

अण्णांना चित्रकला कुणी शिकवली नव्हती. आमचं घराणं जिनगरांचं. आजोबा गणपती करायचे आणि अण्णा लहानपणापासून त्यांच्या हाताखाली गणपती रंगवायचे. पुढे ते माणसं रंगवायला लागले, पण हात गणपतीचाच राहिला. माणूस समोरून काढायचा, दोन्ही कान सारखे, दोन्ही खांदे सारखे. बोटं केळीच्या फण्यांसारखी. खुर्चीचे चारही पाय एका ओळीत. आणि डोळे सगळ्यांचे एकच, मोठे, लांबट, कानांकडे निघालेले. अडत्याचे तेच, कीर्तनकाराचे तेच, सुईणीचे तेच. मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात, तसे अण्णा माणसांचेही डोळे शेवटी काढत. तोवर सगळं चित्र पुरं व्हायचं, दागिने, जर, हंस, आणि चेहऱ्यावर दोन पांढऱ्या जागा तेवढ्या रिकाम्या असायच्या. मग शुक्रवार बघून, अंघोळ करून ते डोळे उघडायचे. घरचे लोक नारळ घेऊन यायचे.

बाहेरचे कुणी हसले तरी गावाला ती चित्रं आवडायची. फोटोत माणूस असतो तसाच दिसतो, पेंटरच्या चित्रात तो असायला हवा होता तसा दिसतो, असं आमचे हेडमास्तर म्हणायचे.

आई गेल्यावर जिथं तिचा जीव गेला तिथं दिवा लावला. भेटायला आलेल्या बायका दिव्यामागे बघायच्या आणि मग एकमेकींकडे बघायच्या.

"फोटो नाही ठेवला?" शेट्यांच्या बायकोनं विचारलं.

फोटो नव्हता. माझ्या बी. एड.च्या वेळी स्टुडिओत जाऊन तिघांचा एक काढला होता. नेमक्या क्षणी आई माझा पदर सारखा करायला वळली होती. त्या फोटोत मी आहे, अण्णा आहेत आणि मध्ये एक करडा पुसट डाग आहे, त्याला बांगड्या आहेत.

"पेंटरच्या घरात पेंटरच्या बायकोचा चेहरा नाही," जाताना दारात कुणीतरी हळू म्हणालं. हळू, पण अण्णा ओट्यावरच बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेट्यांचं अर्धं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि नवा मांजरपाट चौकटीवर ताणला. सरस लावला, सफेदा लावला. तो वाळल्यावर मला हाक मारली. त्यांच्या हातात आईचं अंजिरी लुगडं होतं.

"शशी, बस."

मला विचारावं लागलं नाही.

*

मी पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले तेव्हा दहा वर्षांची होते. घोलपांची मंदा विषमज्वरानं गेली होती. त्या काळी आमच्याकडे मुलींचे फोटो काढायची पद्धत नव्हती. लग्न ठरताना दाखवायला लागला तर एखादा काढायचे. मंदाला तेवढा वेळ मिळाला नव्हता. तिची आई एका पिशवीत परकर, पोलकं आणि पैंजण घेऊन आली आणि अण्णांना म्हणाली, "तुमची शशी तेवढीच आहे."

अण्णांनी मला ते कपडे घालून बसवलं. घोलपकाकू त्यांच्यामागे उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या. कपाळ हिच्यापेक्षा मोठं होतं. ओठ पातळ. हनुवटी खाली निमुळती, अशी. अण्णा माझ्याकडे बघत आणि त्यांचं ऐकत काढत गेले. मी हसायचं नव्हतं. बोलायचं तर अजिबातच नव्हतं.

"का?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"तू बोललीस की तू होतेस," अण्णा म्हणाले.

चित्र झालं हे कधी कळतं, तेही त्यांनी मला सांगितलं होतं. घरचं माणूस आधी खुर्चीकडे बघून बोलत असतं. मग एकदा ते चित्राकडे बघून बोलायला लागतं. तेव्हा डोळे उघडायचे आणि ब्रश धुवायचा. घोलपकाकू चौथ्या की पाचव्या बैठकीला पुढं आल्या, चित्राशी वाकल्या आणि म्हणाल्या, "मंदे, वेणी कुणी घातली गं इतकी घट्ट?" वेणी माझी होती. आईनं घातली होती. काकू माझ्या खुर्चीला चाटून बाहेर गेल्या, त्यांचं लुगडं माझ्या गुडघ्याला लागलं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"ऊठ, झालं," अण्णा म्हणाले. ते मंदाकडे बघत होते.

आतल्या दारात आई मीठमोहऱ्या घेऊन उभी होती. माझ्यावरून उतरून तिनं त्या चुलीत टाकल्या. नंतरही प्रत्येक वेळी टाकल्या, कारण मंदानंतर आणखी मुली आल्या. आसपासच्या गावांतून आल्या. त्यांचे परकर कधी मला तोकडे व्हायचे, कधी लांब.

"आणखी किती जणींचे कपडे चढवणार आहात माझ्या पोरीच्या अंगावर?" आईनं एकदा विचारलं होतं.

"त्यांच्या घरात चेहरा राहतो. त्यात वाईट काय?"

"मग तुम्ही नेसा आणि बसा."

पुढं मी साडी नेसायला लागले आणि ते आपोआप थांबलं. पण गावानं लक्षात ठेवलं. कुर्डुवाडीच्या एका स्थळाकडून नकार आला तो पत्रिकेमुळे नव्हता. मुलगी मेलेल्यांच्या जागी बसते, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, अडाणी लोक आहेत.

परवा परवा घोलपांच्या नातवाच्या साखरपुड्याला गेले होते. बैठकीच्या खोलीत मंदा अजून आहे. हार ताजा होता. तिच्याखालीच माझं पान मांडलं होतं. मी जेवले, हात धुतला, घरात सगळ्यांशी बोलले. कुणीही एकदा वर आणि एकदा माझ्याकडे पाहिलं नाही.

*

सरूमावशी, आईची धाकटी बहीण, गावातच दिलेली, पंधरवडाभर आमच्याकडे राहायला आली होती. लुगडं तिनंच मला नेसवलं. मला नऊवारीची सवय नव्हती. कमरेला आई किल्ल्यांचा जुडगा खोचायची, त्याचा गंजाचा एक तांबूस डाग लुगड्यावर पडला होता. मावशीनं ओचा खोचला आणि तो डाग बरोबर माझ्या कमरेवर आला. मावशीचे हात थांबले. मग तिनं माझी वेणी सोडली, अंबाडा घातला, कपाळावर आईएवढं मोठं कुंकू लावलं आणि दोन्ही खांदे धरून मला खोलीत नेलं.

"सुतकात ब्रश धरताय, दाजी?"

"हे काम नाही."

"मग काय आहे?"

"तू मागं उभी राहा आणि सांग."

"मी सांगू? नवरा कोण, तुम्ही का मी?"

"तू सांग, सरू."

मावशी उभी राहिली. तिला ती रीत माहीत होती. सगळ्या गावाला माहीत होती.

"चेहरा हिच्यापेक्षा गोल. गाल भरलेले. नाक जरा बसकं होतं तिचं. तुमचं ते गणपतीचं नका काढू."

"गणपतीला नाक असतंय का?" अण्णा म्हणाले.

मावशीला हसू आलं. तोंडावर पदर दाबून हसता हसता ती रडायला लागली, मग नाक पुसून परत उभी राहिली. अण्णा थांबले होते. ती सावरल्यावर त्यांनी विचारलं, "तीळ कुठल्या गालावर होता?"

मावशी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

"सरू, तीळ. डाव्या का उजव्या?"

"दाजी," मावशी म्हणाली, "तीळ ताईला नव्हता. तीळ मला आहे."

बाहेर रस्त्यावरून बर्फवाला गेला. त्याची घंटा पार वेशीपर्यंत ऐकू आली.

"सबंध तालुक्याच्या बायका बघितल्यात," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आपलीच तेवढी बघायची राहिली."

अण्णांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि बराच वेळ ढवळत राहिले.

त्या दिवशी बैठक संपल्यावर मी आत गेले आणि नकळत दारात थांबले. चूल थंड होती. मग मीच लुगडं सोडलं, घडी घातली आणि भांडी घासायला बसले.

अण्णा रोज सकाळी बसवायचे. तेराव्याच्या आत चित्र दिव्यामागे लागायला हवं होतं, एवढं एकच ते बोलत. पण घाई त्याची नव्हती. एकदा माझ्या कानाकडे बघता बघता ते मध्येच थांबले.

"काल कान आठवत होते," म्हणाले. "कुडीच्या भारानं छिद्र लांबलेलं होतं, ते आठवत होतं. आज नाही."

"माझेच काढा. माझे तसेच आहेत, सगळे म्हणतात."

"सगळे म्हणतात," अण्णा म्हणाले आणि परत काढायला लागले.

त्यांचा हात झपाझप चालत होता. ते मला बरं लक्षण वाटलं. तळं झालं, हंस झाले, लुगड्याचा काठ झाला, अंबाड्यातले पांढरे केस एकेक करून झाले. मला खुर्चीतून चित्राची मागची बाजू दिसायची, चौकटीचं लाकूड आणि खिळे. मावशी मागं उभी असायची, पण तिळाच्या दिवसापासून ती कमी बोलायची. विचारलं तर हो म्हणायची, नाही म्हणायची.

चेहरा झाला त्या सकाळी मावशीचा चेहरा मी बघत होते. अण्णा कडेला सरकले आणि ती चित्राजवळ आली. मला वाटलं, आता ती बोलेल. मंदाच्या आईसारखी बोलेल. ताई म्हणेल.

"दाजी," तिनं विचारलं, "ही कोण?"

"कोण म्हणजे?"

"ही ताई नाही. ही शशीपण नाही." ती आणखी वाकली आणि एकदम मागं झाली. "आई गं! ही घोलपांची मंदा आहे."

मी उठले. बैठक मोडायची नसते, तरी उठले आणि अण्णांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

तळ्याकाठी आईच्या अंजिरी लुगड्यात एक लहान मुलगी बसली होती. केसांत पांढरे धागे होते, कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, गळ्यात डोरलं होतं. चेहरा दहा वर्षांचा. मोठं कपाळ, पातळ ओठ, खाली निमुळती हनुवटी. डोळ्यांच्या जागा पांढऱ्या होत्या आणि त्या पांढऱ्या जागांनी ती आमच्याकडे बघत होती.

अण्णा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. त्यांनाही ती आत्ता पहिल्यांदाच दिसत होती. मग त्यांनी सुरी घेतली आणि ओला रंग खरवडून काढला. गळ्यापर्यंत सगळं तसंच ठेवलं, चेहरा तेवढा काढला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत काढला. मावशी गाल म्हणाली, गाल भरले. नाक म्हणाली, नाक बसकं केलं. तरी शेवटी हनुवटी निमुळती झाली, ओठ पातळ झाले आणि लुगड्यात तीच येऊन बसली. त्यांनी परत खरवडलं. मावशी आत गेली ती बाहेर आली नाही. रात्री जेवताना मला म्हणाली, "तुझ्या बापाला थांबव. दारात आलेली माणसं परत पाठवता येतात, ही कशी पाठवायची?"

"तो हाताचा सराव आहे, मावशी. इतक्या वेळा काढलंय त्यांनी."

"शिकलेली आहेस, म्हण काहीही," मावशी म्हणाली. "पण लुगडं कुणाचं आहे बघ."

*

शेवटच्या बैठकीला आम्ही दोघंच होतो. मावशी तेराव्याचं सामान आणायला पेठेत गेली होती. लुगडं मी स्वतः नेसले, जमेल तसं. अंबाडाही मीच घातला. ऊन खिडकीतून खुर्चीच्या पायापर्यंत आलं होतं. अण्णांनी ब्रश उचलला, रंगात बुडवला आणि तो तसाच धरून उभे राहिले. दाढी वाढली होती. सदऱ्याच्या बाहीला अंजिरी रंग लागला होता.

"मी काढत नाही, शशी," ते म्हणाले. "ती येते."

मी पदर सारखा केला.

"त्या दिवशी शेटे बसले होते ना?"

मी मान हलवली.

"ते चहा पिऊन गेले. मी घड्याळाचे काटे काढत होतो. ती समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, डोळ्यात काहीतरी गेलंय, बघा जरा." त्यांनी ब्रश दुसऱ्या हातात घेतला. "काटा बारीक असतो. हात हलला की गेला. म्हटलं, शशीकडून काढून घे."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली आणि मग कुणाला तरी हाक मारत निघून गेलं.

"काढलंस ना तू?"

आई माझ्याकडे आली नव्हती. आम्ही बाजरी निवडत होतो तेव्हा एकदा तिनं पदराच्या टोकानं डोळा पुसला होता. कोंडा उडाला असेल, असं मला वाटलं होतं.

"नाही, अण्णा. ती माझ्याकडे आली नाही."

अण्णांनी बाहीवरचा रंग नखानं खरवडला.

"तिनंच काढलं असेल," मी म्हणाले. "स्वतःच."

"स्वतःच," अण्णा म्हणाले. "एवढं जवळ आली होती. इथं." त्यांनी ब्रशनं आपल्या तोंडासमोरची हवा दाखवली. "नुसतं वर बघायचं होतं."

मग त्यांनी विचारलं, "डोळे कसे होते गं तिचे?"

"तपकिरी. हसताना डावा जास्त बारीक व्हायचा."

"असं?" ते म्हणाले. गावातल्या कुणा बाईबद्दल नवं काही कळल्यासारखं.

मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता. मावशीला आला होता. पण मी खुर्चीत बसून त्यांना बघत होते आणि मला दिसत होतं की तेराव्याला जेवायला येणारी माणसं, दिव्यामागची रिकामी भिंत, गावाचं बोलणं, यातलं काहीच त्यांच्या मनात नव्हतं. चाळीस वर्षं एका घरात राहिलेलं माणूस त्यांच्यातून रोज थोडं थोडं जात होतं. काल कान गेले, परवा आणखी काही. आणि ते धरून ठेवायला त्यांच्याकडे ब्रशाशिवाय काही नव्हतं. आज नाही जमलं, तर मग कधीच नाही, हे त्यांना कळलं होतं. मलाही.

"बस नीट," ते म्हणाले. "पुन्हा बघतो."

मी बसले.

"मान थोडी डावीकडं. हां. हनुवटी खाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ होती. ती माझ्या चेहऱ्याच्या दिशेनं यायची आणि किंचित अलीकडेच थांबायची, जिथं त्यांच्यामागं उभं राहून कुणीतरी सांगितलेला चेहरा असायचा. कपाळ मोठं. ओठ पातळ. मॅट्रिकचा निकाल घेऊन आले तेव्हा त्यांनी असंच पाहिलं होतं. कुर्डुवाडीचा नकार आला तेव्हाही. स्टेशनवर सोडायला यायचे, गाडी हलायची, ते हात वर करायचे, तेव्हाही. आज मागं कुणी उभं नव्हतं. सांगणारं कुणी नव्हतं. तरी नजर तिथंच थांबली होती आणि त्या तेवढ्या जागेत ते आईला शोधत होते.

ब्रश कॅनव्हासला टेकला. त्यांचा हात चालायला लागला, झपाझप, आणि मला मागची बाजू दिसत असूनही कळलं, हनुवटी निघाली आहे.

"अण्णा."

"बोलू नको."

"अण्णा, थांबा."

"हलू नको, शशी. येतंय."

मी हात मागं नेला आणि अंबाडा सोडला. पदर डोक्यावरून खाली घेतला. केस तोंडावर आले ते मागं सारले आणि खुर्ची उचलून चौकटीला वळसा घालून त्यांच्या समोर, अगदी जवळ नेऊन ठेवली आणि बसले. तळं आणि हंस माझ्या मागं लांब राहिले. अण्णांचा ब्रश हवेतच राहिला. इतक्या जवळून त्यांचे डोळे मी कधी पाहिले नव्हते. पांढऱ्या भागात बारीक लाल रेघा होत्या आणि बुबुळांभोवती म्हातारपणाचं निळसर कडं यायला लागलं होतं.

"मी दहा वर्षांची असल्यापासून या खुर्चीत बसतेय," मी म्हणाले. "तुम्ही मंदा काढलीत. जेऊरची ती जुळ्यांतली काढलीत. देवळालीची काढलीत, तिचं तर मला नावही कुणी सांगितलं नाही. मला एकदाही काढलं नाहीत. एकदाही, अण्णा. माझा चेहरा तुम्हाला माहीत नाही. मग त्यातला आईचा कुठला आणि माझा कुठला, हे तुम्हाला कसं कळणार?"

अण्णांनी ब्रश खाली घेतला.

"आईचं नंतर," मी म्हणाले. "आधी मला काढा."